बेरिंगच गेलंय, आबा!

शिरूरच्या गॅरेजात जुनी फोर-बाय-फोर जीप येते तेव्हा तिची तक्रार सांगितली जात नाही, गाऊन दाखवली जाते. मालक कमरेवर हात ठेवतो, ओठांचा चंबू करतो आणि भर रस्त्यावर ‘घूंऽऽऽ’ असा सूर लावतो. मिस्त्री फडक्याला हात पुसत विचारतो, “घूं का घर्र?” मालक विचारात पडतो. सोबत आलेले चुलते खुलासा करतात, “पन्नासपर्यंत घूं, साठच्या पुढं घर्र.” मागच्या बाकावर बसून आलेला पुतण्या म्हणतो, “न्हाय ओ, आधी टकटक येतंय, मग घूं.” तेवढ्यात शेजारच्या पंक्चरवाल्याने त्याच्या मेव्हण्याच्या गाडीला येणारा आवाज काढून दाखवायला सुरुवात केलेली असते. सगळ्यांचे सूर एकदा लागून गेले की मिस्त्री बॉनेट न उघडता, गाडीखाली न वाकता निकाल देतो, “बेरिंगच गेलंय, आबा.”

गंमत म्हणजे हा निकाल बहुधा खरा ठरतो, आणि त्यात मिस्त्रीचं कौतुक फारसं नसतं. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये बेरिंगं किती असतात ते एकदा मोजून पाहावं. पुढे डिफरन्शियलचं एक हौसिंग आणि मागे एक. प्रत्येकात पिनियनची दोन आणि क्राऊनच्या दोन बाजूंची दोन, म्हणजे झाली आठ. पुढच्या दोन हबांत दोन-दोन, ती चार. पुढची चाकं ज्या किंगपिनवर वळतात तिथे वर-खाली मिळून आणखी चार. दोन प्रॉपेलर शाफ्ट, प्रत्येकाला दोन क्रॉस आणि प्रत्येक क्रॉसला बारीक सुयांच्या चार वाट्या, म्हणजे सोळा. बत्तीस इथेच झाली. मागची चाकं, गिअरबॉक्स आणि चार चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस अजून हिशेबात धरलेली नाहीत. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या अशा गाडीत ‘एखादं बेरिंग गेलंय’ हे भविष्य कधी चुकणारच नाही. अडचण ‘कुठलं’ या प्रश्नापाशी सुरू होते, आणि तिथे गायनाचा उपयोग संपतो.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत अशा गाड्या टिकून का आहेत, याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, आणि पुढची कितीएक वर्षं सरकारी खातं, सहकारी साखर कारखाना आणि गावचा पुढारी यांचं वाहन म्हणजे जीप हे ठरून गेलं. मग एमएम ५४० आली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, ती २०१८च्या पुढेमागे थांबेपर्यंत फार काही न बदलता चालू राहिली. लष्कराने लिलावात काढलेल्या जिप्सी आणि जबलपूरच्या कारखान्यातल्या अवाढव्य जोंगाही हौशी लोकांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. शिरूरहून नगर रस्त्याला लागलं की तास-दीड तासावर चिलखती दलाचं केंद्र आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. त्या रस्त्यावर हिरव्या रंगाच्या फोर-बाय-फोरचं कुणाला नवल वाटत नाही.

आणि रांजणगाव तर शिरूर तालुक्यातच. महागणपतीच्या त्या गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते. इथे बनलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या. कारखान्याच्या आत यंत्रमानव मोजून-मापून नट आवळतात. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर, घोडनदीच्या काठच्या शिरूरमध्ये तोच नट पान्यात पाइप घालून, त्या पाइपवर हेल्पर उभा करून आवळला जातो. दोन्ही गाड्यांना नाव मात्र एकच: जीप.

आता फोर-बाय-फोर लागते कधी? खरं सांगायचं तर पावसाळ्यात काळ्या रानात, आणि उसाच्या हंगामात पाटाचं पाणी फुटून चिखल झालेल्या वाटेवर. न्हावऱ्याच्या घोडगंगा किंवा पाटसच्या भीमा कारखान्याच्या पट्ट्यात ज्यांची शेती आहे त्यांना हा चिखल चांगला ठाऊक आहे. बाकी सगळं वर्ष ही गाडी लग्नं, तेरावे, बाजार आणि तहसील कचेरी एवढ्याच मोहिमा करते. परंतु फोर-व्हीलचा धाकटा लिव्हर आहे म्हटल्यावर तो ओढल्याशिवाय राहवत नाही. पाहुण्यांना दाखवायला म्हणून तो दौंड तालुक्यातल्या चौफुल्याजवळ कोरड्या डांबरावर ओढला जातो आणि तसाच विसरला जातो.

जुन्या जीपला किंवा जिप्सीला पुढच्या आणि मागच्या धुऱ्यामध्ये वेगाचा फरक सांभाळणारी सोय नसते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून भागतो. डांबरावर चाक घसरत नाही, आणि सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडखळते, खालून कर्रकर्र येते आणि धाकटा लिव्हर जागचा हलेनासा होतो. अशी गाडी गॅरेजात आली की चारी बेरिंगं, दोन क्रॉस आणि जमल्यास क्लचप्लेट असा अंदाज निघतो. उपाय मात्र फुकटचा असतो: गाडी चार हात सरळ मागे घ्यायची. पीळ उलगडतो, लिव्हर लोण्यातून निघाल्यागत सुटतो. या दुरुस्तीचं बिल करता येत नाही, म्हणून ती फारशी प्रसिद्ध नाही.

खरा आवाज असेल तेव्हा पहिला प्रश्न एकच: तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या? सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी साठावर नेऊन न्यूट्रल करावी. इंजिन शांत झालं तरी घूं तशीच राहिली, तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचा पहिला भाग निर्दोष सुटला. हा प्रयोग घाटात करायचा नसतो, हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते.

घाट वेगळ्या कामाचा आहे. तुकोबांची पालखी वरवंड-पाटस सोडून बारामतीच्या दिशेला चढते तो रोटी घाट दौंडकरांना जवळचा. चढताना ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, तेव्हा हौसिंगमधले दाते एका अंगाने एकमेकांवर रेटतात. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की दुसऱ्या अंगाने. चढाला किंचाळणारी आणि उताराला गप्प होणारी, किंवा त्याच्या उलट वागणारी गाडी हौसिंगकडे बोट दाखवते. चाकाच्या बेरिंगला पायाखालच्या ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त वेग आणि वजन कळतं. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. जुन्या जीपमध्ये चाक एकदा फिरतं तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट आणि पिनियन जवळपास पाच वेळा फिरतात. त्यामुळे पिनियनचं बेरिंग गेलं तर आवाज बारीक आणि घाईचा. चाकाचं गेलं तर जाडा आणि संथ. चौफुल्याच्या थिएटरांत ढोलकी ऐकून तयार झालेल्या कानांना हा लयीचा फरक सांगावा लागत नाही, असं तिथले मिस्त्री म्हणतात. ते कान तयार करायला ते तिथे नेमके किती वेळा गेले, हे घरी विचारू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते.

मात्र या सगळ्या शास्त्राच्या वाटेत टायर आडवा झोपलेला असतो. जाड नक्षीचे टायर मुळातच घुमतात. त्यात चाकांची अलाइनमेंट बिघडलेली असली किंवा शॉकॲब्सॉर्बर मेलेले असले की नक्षी उंचसखल झिजते आणि हुबेहूब बेरिंगचा आवाज काढते. कित्येक निरपराध बेरिंगं या तोतयापायी भंगारात गेली आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे. गावठाणातला सिमेंटचा रस्ता संपून डांबर लागलं की टायरचा सूर बदलतो, बेरिंगचा बदलत नाही. तरीही शंका राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकावीत. आवाजानेही जागा बदलली, तर तो रबराचा. चार चाकं अदलाबदल करायला पाऊण तास लागतो. पण तो पाऊण तास वाचवण्यासाठी नवं बेरिंग टाकणारे बहाद्दर आहेत, आणि ‘तेवढ्यात बदलूनच टाकू की’ हे त्यांचं वाक्य ठरलेलं असतं.

टायर सुटला तर मग डावं-उजवं. गाडी चालती ठेवून स्टिअरिंग हलकेच डावीकडे न्यावं, मग उजवीकडे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हा घूं वाढली तर संशय उजव्यावर, आणि उजवीकडे वळताना वाढली तर डाव्यावर. पुस्तकात या तपासणीसाठी मोकळा रस्ता शोधायला सांगतात. न्हावरा-चौफुला बाजूला हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरगाड्या आणि खड्डे चुकवताना हे डावं-उजवं आपोआपच होत असतं. फक्त कान द्यायचा. शेजारी बसलेल्या मावशींना मात्र आधी कल्पना द्यावी. सरळ रस्त्यावर नागमोडी चालणाऱ्या चालकाबद्दल त्या जे मत बनवतात ते पुढे सगळ्या भावकीत पोचतं.

ही युक्तीही दर वेळी खरी बोलतेच असं नाही. पोलादात ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने धावतो, आणि जुन्या जीपची चेसी म्हणजे पुढून मागेपर्यंत अखंड पोलाद. मागच्या उजव्या चाकाची तक्रार चालकाच्या डाव्या गुडघ्यापाशी ऐकू येते. म्हणून कानाने सांगितलेलं हाताने तपासावं लागतं, आणि त्यासाठी चाक उचलणं आलं.

इथे जुन्या जीपचा एक अस्सल खोडसाळपणा समोर येतो. विलीज धाटणीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर बसवलेला असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हौसिंगच्या कृपेने ते चाक उलटं आणि जमिनीवरचं सुलटं फिरायला मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही जीप निवांतपणे जॅकवरून उतरून चालू लागते. मागचा शाफ्ट तपासणीसाठी सोडला असेल, तर हँडब्रेक नुसता हवेला धरून बसतो. जुन्या गॅरेजांत दाराशी एक मोठा, तेलकट, कुणीही न चोरलेला दगड असतो. तो शोभेचा नाही. जॅकला हात लावण्याआधी तो चाकाखाली जातो, आणि ज्या गॅरेजात तो दिसत नाही तिथे चाक उचलू देऊ नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्याला तर ठोकळे लावेपर्यंत बाहेर ओढून काढावं.

चाक उचललं, एक हात वर बाराच्या ठिकाणी, एक खाली सहाच्या. हलवून पाहायचं. खडखडलं की घोळका एकसुरात म्हणतो, “प्ले आलाय!” पण प्ले कशाचा? पोराला ब्रेक दाबायला बसवायचं. ब्रेक दाबल्यावर हब आणि धुरा एक होतात. प्ले नाहीसा झाला तर तो बेरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊच्या ठिकाणी धरून हललं, तर स्टिअरिंगच्या टायरॉडकडेही पाहावं. हे सगळं मिनिटाभराचं काम. त्याला वेळ लागतो तो ब्रेकवर बसवलेला पोरगा मोबाइल पाहत पाय उचलून बसतो म्हणून.

नंतर चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात कमानपाट्यावर ठेवायचा, आणि कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर स्प्रिंगवर. खराब बेरिंगची बारीक थरथर कानाला कळायच्या आधी तिथे बोटांना कळते. काही मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हबला लावतात आणि मूठ कानाला. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा नातेवाईक गप्प बसतात. गॅरेजात मात्र याच क्षणी कुणीतरी चहा घेणार का, असं मोठ्याने विचारतं.

बेरिंग ओळखायची विद्या या भागात जीपच्या आधीपासून नांदते आहे, आणि तिचं माहेर दौंड स्टेशन. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाल्यापासून दौंड हे जंक्शन. पुण्याकडून येऊन मनमाडला जाणाऱ्या गाड्यांची इंजिनं इथे उलटी जोडावी लागत. अलीकडे कॉर्ड लाइन झाली तेव्हा कुठे बऱ्याच गाड्यांचा हा वळसा वाचला. रेल्वेत गाडी स्टेशनात शिरताना कॅरेज-वॅगन खात्याचे कर्मचारी रुळांच्या दोन्ही अंगांना उभे राहून चाकांकडे पाहतात आणि कान देतात. काही लोंबतंय का, चाक एका बाजूने चपटं होऊन ठोकतंय का, कुठला एक्सल तापलाय का. गाडी थांबली की एक्सल-बॉक्स तपासत पुढे सरकतात. पूर्वी हाताच्या पालथ्या बाजूने, आता उष्णता मोजणाऱ्या पिस्तुलाने. तापलेला एक्सल सापडला की डबा बाजूला. तिथे “पुण्यापर्यंत जाईल का ओ?” असं विचारायची सोय नाही.

जीपवाल्याला हीच तपासणी फुकटात करता येते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, शक्य तितके कमी ब्रेक लावून गाडी थांबवावी आणि चारी हबांजवळ हात न्यावा. एक हब बाकी तिघांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर तिथे बेरिंग कण्हतंय किंवा ब्रेक चिकटतोय. कुठलं, ते चाक उचलून फिरवल्यावर कळतं. हात जवळ न्यावा, टेकवू नये. हे वाक्य वाचण्याआधी टेकवलेल्यांची बोटं फुंकर घालून बरी होतात.

क्रॉसचा किस्सा वेगळा. तो बिघडला की आधी सौम्य भाषेत बोलतो. गाडी हळू चालताना चिमणीचा बारीक चिवचिवाट येतो, आणि तो शाफ्टच्या लयीत असतो. ग्रीस संपून आत गंज धरल्याचा तो निरोप. वाटीच्या कडेला लालसर भुकटी दिसली की खात्री पटली. त्याकडे दुर्लक्ष केलं की पुढे गिअर टाकताना ‘खट्’, मग रिव्हर्सला दोनदा ‘खट्’, आणि शेवटी शाफ्ट रस्त्यावर. नवा क्रॉस बसवताना मिस्त्री शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करतो आणि जोडताना एखादा दाता इकडे-तिकडे बसतो. शाफ्टवर दोन बाण असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत, कारण एक क्रॉस फिरताना वेगात जो चढउतार करतो तो दुसऱ्याने नेमका पुसायचा असतो. बाण चुकले की दोघांचे चढउतार एकमेकांत मिसळतात आणि गाडी ठरावीक वेगाला अंगभर थरथरते. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे टायर, नवे रबरी माउंट अशी यात्रा सुरू होते. बाण मात्र ग्रीसच्या थराखाली निवांत असतात.

जिप्सीवाल्यांना एक सवलत आहे. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब असतील तर ते मोकळे करून चालवावं. मोकळ्या हबवर चाक फिरतं, पण पुढचा एक्सल, हौसिंग आणि शाफ्ट थांबतात. घूं थांबली तर दोष त्या तिघांत. चालूच राहिली तर चाकाचं बेरिंग किंवा मागचा कारभार. एवढी स्वच्छ साक्ष दुसरा कुठलाही भाग देत नाही. पूर्ण वळण घेताना येणारी ‘कट-कट-कट’ ही मात्र वेगळी जात. तो चाकाकडचा सीव्ही जॉइंट. बाजारतळावर सकाळी माणसं यायच्या आत स्टिअरिंग पूर्ण फिरवून दोन चकरा माराव्यात. माणसं आल्यावर मारल्या तर पाव्हणा नवा दिसतोय, अशी चर्चा होते.

गेल्या वीस वर्षांत गाड्यांचा आणखी एक वर्ग या गॅरेजांत जुना होऊन पोचला आहे: लिव्हर नसलेली, आपली आपण फोर-व्हील होणारी मंडळी. होंडा सीआर-व्ही, डस्टर, एक्सयूव्ही ५००. पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून शिरूर-दौंडमधल्या तिसऱ्याकडे. जुन्या सीआर-व्हीची खोडी अनेकांना ठाऊक नसते. तिच्या मागच्या हौसिंगमध्ये दोन पंप असतात. पुढच्या चाकांच्या बाजूचा एक, मागच्यांचा एक. दोघांच्या फेऱ्या जुळत नाहीत तेव्हा दाब तयार होतो आणि मागची चाकं कामाला लागतात. यातलं ऑइल जुनं झालं की पार्किंगच्या तीव्र वळणात मागून कण्हल्यासारखा आवाज येतो आणि गाडी हादरते. औषध म्हणजे त्याच यंत्रणेसाठीचं ऑइल बदलणं. साधं हौसिंगचं ऑइल ओतलं तर दुखणं वाढतं, आणि बेरिंगं बदलली तर पैशांखेरीज काहीच बदलत नाही.

या मंडळींना तीन जुने आणि एक नवा टायर हेही पचत नाही. नव्या टायरचा घेर मोठा, त्यामुळे चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या फेऱ्या मारतात. गाडीला वाटतं घसरण सुरू आहे. मागच्या चाकांना ताकद जोडणारं कपलिंग अखंड झटत राहतं आणि तापून मरतं. एका टायरची बचत करणारा मालक अशा वेळी कपलिंगची किंमत ऐकून खुर्ची मागतो.

दोषी बेरिंग सापडलं तरी प्रकरण मिटत नाही, कारण आता ते बसवायचं असतं. एसकेएफचा कारखाना जिल्ह्यातच, चिंचवडला. तरी जिल्ह्यात नकली बेरिंगही त्याच रंगाच्या खोक्यात मिळतं. किंमत निम्मी दिसली की तिथेच थांबावं. अस्सल आणलं तरी ते दाबून बसवताना जोर ज्या कड्यावर बसवायचंय त्याच कड्यावर द्यायचा असतो. हबमध्ये बसवताना बाहेरच्या कड्याऐवजी आतल्यावर हातोडा पडला, तर सगळा मार गोळ्यांतून जातो आणि आरशासारख्या धावेवर बारीक खळगे पडतात. असं नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून गातं, आणि दोष कंपनीच्या मालावर जातो. एबीएसच्या गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं. ती बाजू आत जायला हवी. बाहेर बसवली की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा उकलावं लागतं. बसवण्याआधी टाचणी लावून पाहावी. चिकटते ती चुंबकी बाजू. टाचणी रुपयाला मिळत नसेल आता, पण तितपतच.

जुन्या जीपच्या पुढच्या हबात तिरकस रोलरची दोन बेरिंगं समोरासमोर बसतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. घोडनदीच्या काठी हे बेरिंग इतक्या मायेने का हाताळलं जातं, याचा आणि त्या घोड्यांचा काही संबंध नाही. ते आवळायची रीत मात्र हाताच्या अंदाजाची आहे: चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग किंचित सैल सोडायचा, लॉक वायसर टाकून दुसरा नट बसवायचा. फार सैल सोडला तर चाक डुलतं, फार आवळला तर बेरिंग तापतं. ग्रीसही ठासून भरायचं नसतं. जास्त ग्रीस घुसळून गरम होतं. ‘जास्त घाला, आपलीच गाडी हाय’ म्हणणाऱ्या मालकाला मिस्त्रीने गोड बोलून चहाला पाठवावं.

एवढं करूनही जी जीप रस्त्यावर टिकत नाही तीही या भागात वाया जात नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायची ती शाळा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब-लॅबने भारतात पहिलं ठाणं मांडलं ते २००२ साली याच गावात. तिथे जुन्या जीपचे भाग घेऊन ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. रस्त्यावर ‘बेरिंग गेलं’ म्हणून हिणवलेली हौसिंगं शेतात नांगर ओढू लागली. काही धुरे टायरगाड्यांखाली गेले. बैल आवाजाबद्दल तक्रार करत नाहीत, हा तिथला फायदा.

आता पावसाळ्याचं. घोड किंवा भीमेच्या पुराचं पाणी ओसरताना, ओढ्यावरच्या बुडक्या पुलांवरून गाडी घालायची खुमखुमी येते. लांबून तापून आलेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. हौसिंगच्या डोक्यावर हवा खेळायला छोटी नळी असते. ती मातीने बुजली असेल तर हेच काम दुप्पट वेगाने होतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, घूं सुरू होते आणि सगळे गेल्या आठवड्यातल्या खड्ड्याला शिव्या देतात. म्हणून पाण्यातून गाडी काढली की त्याच आठवड्यात दोन्ही हौसिंगांचं ऑइल पाहावं. ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलं आहे. सगळं काढून नवं भरावं, नळी साफ करावी आणि पुढच्या हबांचं ग्रीसही उघडून बघावं.

हे काम घरी करणार असाल तर क्रम एवढा सांभाळा: आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, आणि तो सुटल्यावरच खालचा, रिकामं करायचा बोल्ट सोडा. वीस वर्षं हात न लागलेला वरचा बोल्ट खालून सगळं ऑइल वाहून गेल्यावर हटून बसतो, आणि मग ती जीप टोचन करूनच गॅरेजला न्यावी लागते.